वाऱ्याचा सेन्सर कमी का दाखवतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात शेतातल्या वेदर स्टेशनवर लिहिलं होतं, तापमान, आर्द्रता, पाऊस, सगळ्यावर, पण पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले ते जास्त करून वाऱ्याबद्दलच. साहजिक आहे. बाकीचे सेन्सर एका जागी बसलेले असतात, वाऱ्याचा आपल्या वाट्यांसारख्या कपांवर रात्रंदिवस फिरत असतो, उन्हात, धुळीत, गारांत, आणि सगळ्यात आधी तोच थकतो. म्हणून यावेळचे सगळे प्रश्न वाऱ्याचेच घेतलेत. नावं दिली नाहीत, फक्त तालुका दिलाय.

प्रश्न (ता. औसा, जि. लातूर): सर, द्राक्षबाग आहे. दोन-अडीच वर्षांखाली स्टेशन बसवलं. कप फिरायलेत, पण दुपारी झाडं हलायलीत, शेडनेट फडफडायलंय आणि मोबाईलवर वारा दाखवायलाय चार किलोमीटर. कंपनीचा माणूस म्हणतो पूर्ण सेन्सर बदला. घरीच थोडं तेल सोडलं तर जमंल का?

उत्तर: दादा, तेल सोडू नका. मशीनचं तेल नको, खोबरेल नको, गंज सोडवायचा स्प्रे तर अजिबात नको. स्प्रेनं बेअरिंगमधलं मूळचं ग्रीस धुऊन जातं आणि तेलाला धूळ चिकटते. आपल्याकडं मार्च ते मे काळ्या मातीची जी बारीक भुकटी उडते ना, ती तेलात मिसळली की लगदा होतो, म्हणजे चार दिवस सेन्सर मस्त फिरणार आणि महिन्यात आधीपेक्षा जड होणार.

आता आधी हे ठरवा की बिघाड फिरण्यात आहे का मोजण्यात आहे, कारण दोन्हीचा इलाज वेगळा. कपाच्या दांड्याला खाली एक छोटं लोहचुंबक असतं आणि त्याच्यासमोर रीड स्विच, चुंबक समोरून गेलं की स्विच क्षणभर जुळतो आणि लॉगरला (नोंदी साठवणाऱ्या पेटीला) एक पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका, जातो, बस इतकंच. सेन्सरची केबल लॉगरमधून सोडवा, मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन टोकांना लावा आणि कप हातानं हळूहळू फिरवा. एका फेऱ्याला एक बीप यायला पाहिजे (काही मॉडेलला दोन येतात, माहितीपत्रक बघा). बीप नियमित येत असेल तर स्विच चांगला, केबल चांगली. मग केबल परत जोडा आणि लॉगरच्या लाईव्ह स्क्रीनवर बघत सेकंदाला एक फेरा असं संथ फिरवा. बाजारात जे तीन कपांचे साधे सेट मिळतात त्यातल्या बऱ्याच सेटमध्ये सेकंदाला एक पल्स (म्हणजे मघाचा एक बीप) म्हणजे ताशी 2.4 किलोमीटर असं गणित असतं, सेकंदाला दोन पल्स गेले तर 4.8 दिसायला पाहिजे. आकडा बरोबर आला तर इलेक्ट्रॉनिक्सला दोष देऊ नका, आणि पूर्ण सेन्सर बदलायचे पैसे पण देऊ नका. तुमच्या वर्णनावरून मला तरी बेअरिंगच वाटतंय.

बेअरिंग ओळखायचं असं. कपाचं डोकं खाली उतरवा, घरात आणा, पंखा बंद करा, दार लावा. एका बोटानं हलकी टिचकी मारा आणि बघत राहा. चांगलं बेअरिंग हळूहळू मंदावत, शेवटी जाईल का थांबेल असं करत थांबतं, खराब झालेलं मध्येच गपकन थांबतं. मग कानाजवळ धरून अगदी सावकाश फिरवा. करकर ऐकू आली किंवा बोटाला खडे लागल्यासारखं वाटलं तर विषय संपला, बेअरिंग गेलं. दांडा वरखाली आणि आजूबाजूला हलवून खेळ किती आहे ते पण बघा. आणि कप नीट न्याहाळा, आपल्या उन्हानं प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि मार्च-एप्रिलची एखादी गारपीट झाली की केसासारखी चीर पडते, एक कप जरी तडकला किंवा वाकला तरी तोल जातो आणि नवीन बेअरिंग पण लवकर खातं.

बदलायचं असेल तर डोकं दांड्यावर धरून ठेवणारा छोटा ग्रब स्क्रू अ‍ॅलन कीनं सैल करा (तो पडला की गवतात सापडत नाही, खाली कापड अंथरा). बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो, तो घेऊन लातूरला बेअरिंगच्या दुकानात जा. तिथं दोन प्रकार देतील, रबरी सील वाला आणि पत्र्याच्या झाकणाचा, म्हणजे नंबरच्या पुढं झेडझेड लिहिलेला. दुकानदार धुळीचं ऐकून रबरी देईल, पण रबर आतल्या रिंगला घासतं आणि मोटारीला त्याचं काही वाटत नसलं तरी वाऱ्याच्या कपाला ते ओझं होतं. झेडझेडच घ्या. बसवताना बाहेरच्या रिंगवरच दाब द्या, आतल्या रिंगवर दाबलं किंवा हातोडी मारली तर नवीन बेअरिंग तिथंच खराब होतं. काही स्वस्त सेन्सरमध्ये बेअरिंगच नसतं, नुसता प्लॅस्टिकचा बुश असतो, तिथं कपाचं डोकं तेवढं नवीन मागवा, कंपनीला तसं स्पष्ट सांगा.

आता हे इतकं लांबवून का सांगतोय, तर बंद पडलेला सेन्सर कळतो, शून्य दिसतं, आपण फोन करतो. जड झालेला सेन्सर वर्षभर कमी आकडा देत राहतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. त्यात पुन्हा गोम अशी की तो जोराच्या वाऱ्यात बऱ्यापैकी बरोबर असतो, हलक्या वाऱ्यात फसवतो, आणि आपलं फवारणीचं सगळं काम त्या हलक्या वाऱ्यातच असतं. अ‍ॅप म्हणणार वारा नाही, फवारा, आणि औषध शेजारच्या बांधावर. पाण्याचं पण तसंच. बाष्पीभवनाच्या सूत्रात वारा असतो, वारा कमी धरला की पिकाची पाण्याची गरज कमी निघते आणि ऐन एप्रिलमध्ये ड्रीप कमी वेळ चालतं.

यंत्राशिवाय अंदाज घ्यायचा असेल तर झाडं बघा. चेहऱ्याला वारा जाणवतोय आणि पानांची नुसती सळसळ आहे तर 6 ते 11 किलोमीटर, पानं आणि बारीक डहाळ्या सारख्या हलतायत तर 12 ते 19, धूळ आणि कागद उडायला लागले, लहान फांद्या हलल्या की 20 ते 28. हे आकडे दहा मीटर उंचीचे आहेत, तुमचा सेन्सर दोन मीटरवर असेल तर त्याच्या पाऊण हिस्सा धरा. तुमची झाडं डहाळ्यांसकट हलत असतील तर चार किलोमीटर हा आकडा कुठंच बसत नाही.

प्रश्न (ता. अर्धापूर, जि. नांदेड): केळीचा प्लॉट आहे. रात्री कधीकधी एकदम 150-180 किमी वारा दाखवतो, सकाळी बघावं तर एक पान फाटलेलं नसतं. हा रेकॉर्ड विम्याला चालतो का?

उत्तर: आधी विम्याचं. हवामान आधारित फळपीक विम्यात केळीला वेगाच्या वाऱ्याचा धोका धरलेला असतो हे खरं, पण तिथं योजनेनं ठरवलेल्या संदर्भ हवामान केंद्राची नोंद धरतात, आपल्या शेतातल्या खाजगी स्टेशनची नाही. तुमची नोंद तक्रारीसोबत आधार म्हणून जोडा, फोटो तारखेसकट ठेवा, पण त्यावरच पैसे मिळतील असं धरून बसू नका.

आता ते 180. एवढा वारा समुद्रकिनाऱ्यावर मोठं चक्रीवादळ धडकतं तेव्हाचा, तो आला असता तर केळीच काय पत्रे पण राहिले नसते. हे खोटे पल्स आहेत. माझा पहिला संशय मोटारीवर. त्या नोंदींची वेळ लिहून काढा आणि थ्री फेज लाईट कधी आली त्या वेळेशी लावून बघा. रात्रपाळीची लाईट आली, ऑटो स्टार्टरनं खटकन मोटार उचलली आणि त्याच मिनिटाला 180 आला असेल तर उत्तर सापडलं. सेन्सरची केबल मोटारीच्या केबलसोबत एकाच पाईपातून नेलेली असणार, बऱ्याच ठिकाणी चर खोदायचे कष्ट वाचवायला असंच करतात. ती वेगळी करा, मधे दोन-तीन फूट तरी अंतर ठेवा, ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा, आणि शिल्डवाली केबल असेल तर तिची जाळी फक्त लॉगरच्या बाजूलाच अर्थ करा.

वेळ जुळली नाही तर जॉइंट बघा. दव पडल्यावर किंवा पावसातच होत असेल तर चिकटपट्टी गुंडाळलेला जॉइंट ओला होतोय, तो कापून नीट सोल्डर करा आणि वरून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा, आतून गोंद असलेली घ्या. केबल पेटीत शिरते तिथं खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल, आत जाणार नाही. रीड स्विच जुना झाला की एका फेऱ्याला दोन-तीनदा थरथरतो, त्यानं पण आकडा फुगतो, त्यासाठी लॉगरच्या टोकाला 0.1 मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर लावतात. तो कुणा जाणकाराकडून लावून घ्या.

प्रश्न (ता. भूम, जि. धाराशिव): शाळेत मुलांसोबत स्टेशन उभारलंय. दिशेच्या बाणाची उत्तर कशी लावायची? मोबाईलचा कंपास दर वेळी वेगळं दाखवतो.

उत्तर: सर, शाळेत हे होतंय हे वाचून फार बरं वाटलं. मोबाईल लोखंडी खांबाला टेकवून बघितला की तो वेगळं दाखवणारच, शिवाय चुंबकाचं कव्हर असेल तर संपलंच. खांबापासून लांब उभं राहून साधा कंपास वापरला तरी आपल्या भागात चालतं, कारण चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात इथं एक अंशाचा पण फरक नाही.

पण मुलं आहेत तर सावलीनं काढा. मोकळ्या सपाट जागेत एक काठी ओळंब्यानं सरळ उभी करा, तिच्याभोवती दोरीनं वर्तुळ आखा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरतं तिथं खूण करा, दुपारनंतर बाहेर पडतं तिथं दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळाली, तिला काटकोनात उत्तर-दक्षिण. घड्याळ लागत नाही. घड्याळानं बाराला सावली धरू नका, आपली वेळ 82.5 रेखांशाची आणि भूम त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून तुमच्याकडं सूर्य माथ्यावर यायला ऋतूप्रमाणे सव्वाबारा ते पावणेएक होतात. आणि अजून एक, मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भूमला माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडं असतो, म्हणजे तेव्हा दुपारची सावली दक्षिणेला पडते. पुस्तकातलं "दुपारची सावली उत्तरेला" हे वाक्य घेऊन जूनमध्ये बाण लावला तर बरोबर उलटा लागणार. रात्री ध्रुवतारा पण आहेच, आपल्याकडून क्षितिजाच्या वर साधारण 18-19 अंशांवर दिसतो, खांबाच्या मागं उभं राहून ओळीत घ्या.

लावून झाल्यावर एक तपासणी पावसाळ्यात करा. वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती. जून-जुलैत आपल्याकडं वारा जास्त करून पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणजे 225 ते 270 च्या आसपासचे आकडे भरपूर पाहिजेत. सारखे 45 ते 90 येत असतील तर बाण उलटा बसलाय. आणि मुलांना सरासरी काढायला देताना सांभाळा, एक नोंद 350 आणि दुसरी 10, दोन्ही उत्तरेच्याच, पण बेरीज भागिले दोन केलं की 180 येतं, चक्क दक्षिण. दिशेची सरासरी प्रत्येक नोंदीचा बाण कागदावर काढून, ते एकापुढं एक जोडून काढायची असते, आठवी-नववीच्या पोरांना आलेखाच्या कागदावर हे छान जमतं.

दुरुस्तीला बाण काढायच्या आधी दांड्यावर आणि खालच्या भागावर मार्करनं एक सरळ रेघ मारून ठेवा. हे विसरलं की सावलीपासून परत सुरुवात.

प्रश्न (ता. सेलू, जि. परभणी): आमच्याकडं मास्ट (सेन्सरचा खांब) दर उन्हाळ्यात कलतो. ताण (खांबाला बांधलेल्या तारा) आवळले की पावसाळ्यात परत दुसऱ्याच बाजूला. मिस्त्री म्हणतो फाउंडेशन मोठं करा.

उत्तर: ताई, मिस्त्रीचं अर्धं बरोबर आहे. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळं वरच्या थरात केलेलं फाउंडेशन कितीही रुंद असलं तरी जमिनीसोबत हलतंच. रुंदीपेक्षा खोली वाढवा, शक्य तर मुरूम लागेपर्यंत, आणि ठोकळ्याच्या भोवतीची काळी माती काढून मुरूमच भरा. ताणांचे ठोकळे पण तसेच. ताण तीन, सारख्या अंतरावर, प्रत्येकाला टर्नबकल (आवळायचा पेच). वर्षात दोनदा आवळायचे, होळीच्या सुमाराला एकदा आणि पहिला चांगला पाऊस मुरल्यावर एकदा, आणि आवळताना दोन बाजूंनी स्पिरिट लेव्हल लावून बघा. उन्हाळ्यात तारेसारखे ताठ करून ठेवले की जमीन फुगल्यावर खांबच वाकतो, म्हणून थोडी ढील असू द्या.

तुम्ही फोटो पाठवलाय त्यात मला कलण्यापेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. सेन्सर दोन मीटरवर आहे आणि चारी बाजूंनी तूर. तूर डोक्याएवढी झाली की सेन्सर पिकात बुडाला, मग ऑक्टोबरनंतर वारा पडल्यासारखा दिसणारच, त्यात सेन्सरचा काही दोष नाही. उसाच्या कडेला तर विचारूच नका. वाऱ्यासाठी नियम असा की अडथळा जितका उंच त्याच्या निदान दहापट लांब सेन्सर पाहिजे, आणि हवामानशास्त्राची मान्य उंची दहा मीटर. शेतात एवढा खांब परवडत नाही म्हणून दोन मीटरवर लावतात, चालतं, पण भोवती गवत किंवा बुटकं पीक ठेवा. दहा मीटरवरची नोंद असेल तर तिला 0.748 नं गुणलं की दोन मीटरची मिळते, पाण्याच्या हिशोबाला तीच लागते.

आणि ताई, एक विनंती. खांब खाली घेताना, उभा करताना वर तार कुठून गेलीय ते आधी बघा. मास्ट पडला तरी पोचणार नाही एवढं अंतर 11 केव्हीच्या लाईनपासून पाहिजे, म्हणजे खांबाच्या पूर्ण उंचीपेक्षा बरंच जास्त. ओल्या जमिनीत चार माणसं लोखंडी पाईप धरून उभी असतात, एकाचा पण हात सुटायला वेळ मिळत नाही. अंतर नसेल तर जागा बदला, दुसरा उपाय नाही.

प्रश्न (ता. पाटोदा, जि. बीड): आयटीआय इलेक्ट्रिशियन झालोय. डोंगरावर पवनचक्क्या आहेत, त्यावर पण हेच सेन्सर असतात का? त्यात काम मिळंल का?

उत्तर: असतात भाऊ, पात्यांच्या मागं, वरच्या पेटीच्या छतावर वेगाचा आणि दिशेचा. दिशेवरून चक्की तोंड फिरवते आणि वेगावरून चालू-बंद ठरतं. तिथं चुकीला किंमत मोठी, कारण वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, जागा निवडायच्या आधीच्या मोजणीत वेग 10 टक्के कमी धरला गेला तर ताकद 27 टक्के कमी निघते. म्हणून त्या मोजणीचे सेन्सर विंड टनेलमध्ये तपासून, दाखल्यासकट लावतात. कामाला तुमचा आयटीआय चालतो, पण उंचीवरच्या सुरक्षेचं प्रशिक्षण लागतं, बऱ्याच कंपन्या ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनचं प्रमाणपत्र मागतात. कुणी ते न करता हार्नेस देऊन चढवत असेल तर नाही म्हणा.

प्रश्न (ता. अंबड, जि. जालना): मोसंबीच्या बागेत कप वाल्याऐवजी अल्ट्रासोनिक घ्यावा का? आणि वीज पडून मागचा बोर्ड जळाला, काय करावं?

उत्तर: अल्ट्रासोनिकमध्ये फिरणारं काही नाही, आवाज एका बाजूकडून दुसरीकडं जायला किती वेळ लागतो त्यावरून वारा काढतात, त्यामुळं बेअरिंगची कटकट नाही. पण दुरुस्ती शेतात होत नाही, बिघडला की कंपनीकडंच. आणि कोळी. आवाज सोडणाऱ्या-पकडणाऱ्या दोन डोळ्यांच्या मधे जाळं विणलं की आकडे सैरभैर, महिन्यातून एकदा मऊ ओल्या कापडानं पुसायला लागतं, खरवडायचं नाही. जवळ दुरुस्ती करणारं कुणी नसेल तर मी कपवालाच घ्या म्हणेन, डोकं बदलायला स्वस्त पडतं.

विजेचं असं की थेट खांबावर पडली तर काहीच वाचत नाही, बहुतेक बोर्ड जवळपास पडलेल्या विजेनं केबलमधून आलेल्या झटक्यानं जातात. सेन्सरपेक्षा उंच टोकदार सळई, तिथून जाड तांब्याची पट्टी सरळ जमिनीत, वळणं न देता, आणि केबल पेटीत शिरते तिथं सर्ज अरेस्टर (झटका जमिनीकडं वळवणारा). अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, एप्रिल-मेच्या वळिवाच्या आधी त्यात पाणी सोडा, कारण आपल्याकडं विजा तेव्हाच जास्त. ढग गडगडायला लागले की मास्टजवळ कुणी जाऊ नये, आकडा कितीही विचित्र दिसत असला तरी. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी अ‍ॅप मोबाईलमध्ये घ्या, आसपास वीज पडत असेल तर ते इशारा देतं.

कोतवाल पक्षी बाणावर बसून दिशा अडवतो असंही लिहिलंय तुम्ही. खांबाला एका बाजूला, सेन्सरपेक्षा थोडी उंच, पण अर्थिंगच्या सळईपेक्षा बुटकी अशी एक आडवी काठी बांधा, त्याला बसायला तीच बरी वाटते, आणि तो बागेतले किडे खातो म्हणून हाकलायची पण गरज नाही.